हरणीच्या पायऱ्या

या वेळी दोन पत्रं निवडली आहेत. दोन्ही लांब पायांच्या, आत गेलेल्या पोटाच्या कुत्र्यांची. एक सिन्नर तालुक्यातून आलंय, दुसरं नाशिकच्याच गंगापूर रोडवरून. धाकटं आधी उरकते, कारण मोठ्याला जागा लागणार आहे.

प्रश्न : आमचा कारवानी जातीचा कुत्रा बाण्या गेल्या आठवड्यात म्हातारपणानं गेला. अकरा वर्षांचा होता. मळ्यात विहिरीच्या कडेला पुरला. आई धड जेवत नाही. मामाच्या गावाला त्याच रंगाचं पिल्लू आहे. दादा (वडील) म्हणतात, ते आणू आणि त्यालाही बाण्याच म्हणू. आणावं का?

उत्तर : आणा, पण महिनाभर थांबून, आणि नाव दुसरं ठेवा. गेलेल्याचं नाव लावलेलं पिल्लू त्या घरात आयुष्यभर तोतया ठरतं. ‘आमचा बाण्या असं कधी करायचा नाही’ हे वाक्य त्याला रोज ऐकावं लागतं. दादांना सांगा, रंग तोच चालेल, नाव नको.

आणि विहिरीच्या कडेला पुरायला नको होतं. आता उकरू नका. वर मातीचा चांगला उंचवटा द्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि विहिरीचं पाणी पिण्यात असेल तर एकदा तपासून घ्या. पुढे कुणावर ही वेळ आली तर विहीर, नाला सोडून लांब, निदान तीन-चार फूट खोल खड्डा घ्यावा. डॉक्टरनं इंजेक्शन देऊन झोपवलेलं जनावर असेल तर खोलीत अजिबात कंजुषी नको. ते औषध शरीरात राहतं, आणि उकरून खाणारं दुसरं जनावर त्यानं मरू शकतं.

आता दुसरं.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. हे पत्र लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. माझी मुलगी मँचेस्टरला असते. तिनं शर्यतीतून निवृत्त झालेली एक ग्रेहाउंड कुत्री दत्तक घेतली होती. शर्यतीतलं नाव माझ्या जिभेवर बसेना. रंग हरणाचा, म्हणून मी ‘हरणी’ म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला गेले, तेव्हा सहा महिने मी आणि हरणी दिवसभर घरात. आधी मला भीती वाटायची. झोपली की डोळे उघडेच, मेली की काय म्हणून दोनदा हाक मारली. मग ती माझ्या मांडीला अंग टेकून उभी राहायला लागली. नुसती टेकून, काही मागायचं नाही.

तिला जिना माहीत नव्हता. मी बाळाला घेऊन वर गेले की खाली उभी राहून रडायची. मी तुपाच्या पोळीचे तुकडे एकेका पायरीवर ठेवून, तिचा एकेक पाय हातानं उचलून तिला शिकवलं. अकरा दिवस लागले.

या श्रावणात ती गेली. साडेदहा वर्षांची होती. आधी पुढच्या पायानं लंगडत होती. मुलीनं फोनवर सांगितलं तर मी म्हणाले, मुरगळला असेल, हळदीचा लेप लाव. तो हाडाचा कॅन्सर निघाला, खांद्याजवळ. पुढे हाड मोडलं आणि तिला झोपवावं लागलं. माझा लेप डोक्यातून जात नाही.

दिवाळीत मुलगी तिची थोडी राख घेऊन येणार आहे. मला रामकुंडात सोडावीशी वाटते. आमचे हे म्हणतात, लोक हसतील. जाऊ म्हणाली, सहा महिने पाहिलेल्या कुत्र्याचं एवढं काय? आणखी एक. हरणीच्या कानातल्या नंबरावरून मुलीला तिच्या एका शर्यतीचा व्हिडिओ सापडला, तो तिनं मला पाठवलाय. ‘आई, चार नंबरची बघ, काळं जॅकेट’ असं लिहिलंय. मी अजून उघडलेला नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी हळद काढून टाकू.

मी चौतीस वर्षं जनावरं तपासली. लंगडत आलेल्या मोठ्या कुत्र्याला पहिल्या भेटीत मीही अनेकदा ‘मुरगळलंय, आठवडाभर पळवू नका’ म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलंय. हाडाचा हा कॅन्सर सुरुवातीला तसाच दिसतो. दोन दिवस लंगडतो, गोळीनं बरं वाटतं, परत लंगडतो. शर्यतीतून आलेल्या ग्रेहाउंडमध्ये तो फार आढळतो, आणि पायाच्या एक्स-रेत दिसतो तोवर बहुतेकांच्या फुप्फुसात त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पोचलेले असतात. पाय कापला तरी साधारण चार-पाच महिने मिळतात, वर केमो दिली तर दहा-बारा. तुमच्या लेपानं हरणीचा एकही दिवस कमी झालेला नाही. पाय थोडा पिवळा झाला असेल, इतकंच. मोडलेल्या हाडानिशी तिला ताटकळत न ठेवता मुलीनं तिला झोपवलं, तेही बरोबरच केलं. हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं असेल. फोन करा.

आता जाऊबाईंचं ‘सहा महिने’. असा हिशेब करणाऱ्यांशी वाद घालू नये, पण तुमच्यासाठी सांगते. मी निवृत्त ग्रेहाउंड आयुष्यात दोनच पाहिले, दोन्ही माझ्या बहिणीकडे, बर्मिंगहॅमला. इंग्लंडात पळणारी बहुतेक कुत्री जन्मतात आयर्लंडमध्ये. लहानपणीच कानात अक्षरं गोंदली जातात, पुढचं आयुष्य कुत्र्यांच्या ओळीनं बांधलेल्या खोल्यांत. साधारण दुसऱ्या वर्षी धावपट्टीवर, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत कारकीर्द आटोपलेली. तोवर त्यांनी जिना पाहिलेला नसतो, काचेचं दार पाहिलेलं नसतं, आरसा तर नाहीच. बहिणीचा पहिला कुत्रा धुलाई यंत्राला घाबरून न्हाणीघरात जाऊन बसला होता. ताशी साठ किलोमीटरच्या वर पळू शकणारं जनावर, आणि पायरीवर पाय ठेवायला थरथरतं! कुणीतरी त्याला घर शिकवावं लागतं. तुमच्या मुलीनं तिला घरात आणलं, आणि घर वापरायला तुम्ही शिकवलंत. जाऊबाईंना सांगू नका, स्वतःला सांगा.

रामकुंडाबद्दल. तिथलं शास्त्र सांगायचा माझा अधिकार नाही. श्राद्धात आपण कुत्र्याचा घास काढतो, पण कुत्र्याचं श्राद्ध कुणी केलेलं माझ्या ऐकण्यात नाही. (युधिष्ठिराचा कुत्रा मी इथे आणणार नाही. प्रत्येक लेखात येऊन तो दमलाय.) माझी अडचण साधी आहे. त्या अस्थिविलय तीर्थावर लांबलांबून लोक आईबापाच्या अस्थी घेऊन येतात. त्या गर्दीत कुणी तुमच्या हातातल्या डबीकडे बघून ‘कुत्र्याची?’ असं म्हणालं, तर त्या माणसाचा चेहरा आणि हरणी तुमच्या मनात कायमची एकत्र चिकटतील. ते नको. शिवाय आपल्या गोदेला आपण सगळ्यांनी मिळून जे दिलंय ते पुरे आहे. आणि हरणीनं गोदावरी कुठे पाहिली होती? तिला माहीत होतं ते तुमच्या साडीचं टोक आणि तुपाची पोळी.

गॅलरीत मोठी कुंडी असेल तर तीत प्राजक्त लावा. पण एक चूक सगळे करतात ती करू नका. दहनानंतरची राख म्हणजे मुख्यतः हाडांची पूड, चुनखडीच्या गुणाची आणि खारट. डबी तशीच मुळांवर रिकामी केली की रोप पिवळं पडतं, आणि मग ‘झाडसुद्धा गेलं’ म्हणून दुसरं रडणं सुरू. एक मूठ राख, दोन-तीन घमेली माती आणि शेणखत, नीट कालवून. उरलेली राख डबीतच राहू दे, देवघराच्या खालच्या कप्प्यात. तुमचे हे काही म्हणणार नाहीत. म्हणाले तर माझं नाव सांगा.

मी करत आले ती एक गोष्ट आता सांगते. दवाखान्यात एक जुनी नोंदवही होती. जनावर गेलं की मी त्याच्या पानावर आजार, औषध, तारीख लिहायची आणि खाली एक ओळ मालकाला विचारून लिहायची : याची एक सवय सांगा. दवाखाना बंद करताना औषधांचे खोके देऊन टाकले, ती वही ठेवली. अशोक स्तंभाजवळचा पॉमेरेनियन : कुकरच्या फक्त तिसऱ्या शिट्टीला भुंकायचा. पंचवटीतली गावठी कुत्री : बुधवारच्या बाजाराहून आलेल्या पिशवीतून कोथिंबीर तेवढी ओढायची. सातपूरचा लॅब्राडोर : साहेबांची रात्रपाळी असली की त्यांच्या उशीवर झोपायचा, दिवसपाळीला चुकूनही नाही. आज मला त्यांचे आजार आठवत नाहीत, पण ही कुत्री डोळ्यांसमोर उभी राहतात.

फोटो तुमच्याकडे ढीगभर असतील. पण ग्रेहाउंडचे फोटो सगळे सारखेच दिसतात, सोफ्यावर पसरलेली हाडं. तुम्ही वही घ्या आणि लवकर लिहा, कारण आवाज सगळ्यात आधी जातात. लाकडी जमिनीवर तिची नखं कशी वाजायची. आनंद झाला की ती दात कडकडवायची का? यांच्यातली बरीच कुत्री तसं करतात आणि नवा माणूस घाबरतो. थंडीत घालायचं जॅकेट तिला आवडायचं की लाजायची? अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे तिकडच्या हिवाळ्यात कपड्याशिवाय यांचं चालत नाही. अंग टेकायची ती उजव्या मांडीला की डाव्या? त्या अकरा दिवसांचं तर रोजचं पान लिहा. कुठल्या दिवशी कुठल्या पायरीवर अडली, उतरताना काय केलं. उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं त्यांना. नात आता सहा वर्षांची झाली असेल. तिला वाचायला एवढं आयतं पुस्तक दुसरं कुठलं मिळणार?

राहिला व्हिडिओ. तिकडे मिक द मिलर नावाचा एक ग्रेहाउंड होता. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंग्लंडची डर्बी, म्हणजे तिथली ग्रेहाउंडची सगळ्यात मानाची शर्यत, जिंकली. त्याला पेंढा भरून ट्रिंगच्या संग्रहालयात ठेवलाय, लोक अजून बघायला जातात. बाकीच्या हजारोंचं कुणी काही ठेवलं नाही. त्यांची आठवण म्हणजे कानातली अक्षरं आणि असले दीड मिनिटाचे तुकडे. म्हणून मी म्हणते, पाहा. एकट्यानं नको. दिवाळीत मुलगी आली की दोघी मिळून पाहा.

तुम्हाला राग येईल, तो येऊ दे. वळणावर सहा कुत्री एकमेकांवर आदळतात, डावीकडे वळताना उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर सगळा भार येतो, तिथली हाडं मोडतात. मला स्वतःला या शर्यती अजिबात पटत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या लोकांनी २०१८ मध्ये मतदान करून त्या बंद करायला लावल्या, २०२० अखेर तिथली शेवटची धाव झाली. न्यूझीलंडनंही २०२४ च्या डिसेंबरात बंदी जाहीर केली. तरी पाहताना तुमच्या लक्षात येईल की दार उघडताच ती जीव तोडून पळते, आणि ते तिला आवडत असल्यासारखं दिसतं. ते दृश्य आणि तुमची पोळीवाली हरणी एकाच डोक्यात मावेनात असं काही दिवस होईल. बहिणीचंही तसं झालं होतं. मग ती म्हणाली, बघ ना, इतकं पळता येत होतं आणि माझ्याकडे आल्यावर दिवसाचे अठरा तास झोपली.

हरणी त्या शर्यतीत कितवी आली ते मला कळवू नका. जिन्याला पायऱ्या किती होत्या ते मात्र कळवा, तुम्ही लिहायला विसरलात.