आधी काय दिसलं ते सांग

अगं,

फिल्म अर्काइव्हला 'उसकी रोटी' हा सिनेमा बघून तुझा रात्री मेसेज आला: 'मी मठ्ठ आहे की हे लोक आपल्याला गंडवतात?' निकाल लावायची एवढी कसली घाई? आधी काय दिसलं ते सांग. कळलं काय ते नको, दिसलं काय ते.

बालो रोट्या घेऊन बसथांब्यावर उभी राहते, नवरा बस चालवतो. मोहन राकेशांची कथा म्हणून तू एवढंच लिहिलंस. मग तिचे हात? कुठल्या फ्रेममध्ये भोवतालचं सगळं लख्ख होतं आणि कुठल्या फ्रेममध्ये ती मागच्या धुरकट रानापासून तुटल्यासारखी वाटत होती? 1969 च्या या सिनेमात दिग्दर्शक मणी कौल आणि कॅमेरामन के. के. महाजन दोनच लेन्सेसवर खेळलेत: 28 मिलिमीटर, जिच्यात सगळं लख्ख दिसतं, आणि 135 मिलिमीटर, जिच्यात मागचं धुरकट होतं. सुरुवातीला एक प्रत्यक्षाची, दुसरी बालोच्या मनातली. पुढे ही वाटणी मोडते, आणि नवरा खरंच आला की तिला तसं वाटलं, याची आपल्याला खात्री उरत नाही. तू ज्याला 'गोंधळ' म्हणतेस तो हाच. म्हणजे तुला दिसलं होतं! मग सरळ तसं लिहायचं ना.

कंटाळा आला, हेही दिसण्यातच धर. कुठे आला ते सांग. मलाही येतो, शांताल आकरमन या दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमान' 201 मिनिटांचा आहे, त्यात बाई बटाटे सोलते आणि आपण घड्याळ बघतो. 2022 मध्ये 'साइट अँड साउंड' या सिनेमाच्या मासिकाने समीक्षकांना आजवरचे सर्वोत्तम सिनेमे विचारले, त्या मतदानात तो पहिला आला, तेव्हापासून लोक घड्याळ लपवून बघतात. तू लपवू नकोस. आणि परीक्षणं नंतर वाच. आधी वाचलीस की दुसऱ्याला दिसलेलं तुला दिसायला लागेल.

आमच्या फिल्म क्लबात याच हट्टापायी मी खेळाआधी कधी प्रास्ताविक केलं नाही. 'दोन शब्द सांगा, नाहीतर माणसं उठून जातात,' क्लबातले लोक म्हणायचे. जायची खरी. त्यातल्या काहींशी बोलणं तुटलं ते कायमचं, याचं वाईट वाटतं. पण दोन शब्द सांगितले असते, तर माणसं तेच दोन शब्द पडद्यावर शोधत बसली असती. आणि क्लब बंद पडला तो माझ्यामुळे नाही. हॉलचं भाडं वाढलं होतं, कुणालाही विचार.