माटोळीचे फोटो संगणकावर घेताना

ताई, चतुर्थीचे 400 फोटो व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवत बसू नका. तिथे फोटो दाबला जातो, माटोळीतला (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीतला) सुपारीचा घोस मोठा करून पाहिला की पुसट दिसतो. सरळ केबल लावा.

फोन नुसताच चार्ज होतोय? लॉक उघडा, वरची पट्टी खाली ओढा, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. (आयफोन असेल तर ‘ट्रस्ट’ दाबा.) तरीही दिसेना, तर केबल बदला. काही केबल्स फक्त चार्जिंगच्याच असतात. अशाच एकीपायी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

अँड्रॉइडमध्ये मग डीसीआयएम (DCIM) नावाचा फोल्डर उघडा, त्यात कॅमेरा. कट नको, कॉपीच करा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल, नेम नाही! संगणकावर पाच-सहा फोटो उघडून बघा, मगच फोनमधले पुसा.

बॅकअपचं नंतर बोलू.