घरी सगळं येतं, पेपरात कोरं होतं

"मॅडम, घरी विचारा, धडाधडा सांगते. पेपर हातात पडला की सगळं कोरं. आळशी म्हणावं तर रात्री बारापर्यंत पुस्तक मिटत नाही. मग हिला होतं तरी काय?"

जानेवारीच्या शेवटी एक आई माझ्यासमोर बसून हे विचारत होती. शेजारी तिची दहावीतली मुलगी. पूर्वपरीक्षेत बीजगणिताला चाळीसपैकी अकरा मार्क पडले होते, आणि बोर्डाला जेमतेम पाच आठवडे उरले होते. मी समुपदेशक आहे आणि डिसेंबर ते मार्च हाच प्रश्न माझ्याकडे कितीतरी घरांतून येतो, म्हणून ही केस जरा सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी मुलगी, आई आणि वडील तिघांनाही विचारलं आहे.

मुलगी बोलत नव्हती. हातातल्या रुमालाने तळहात पुसायची, रुमालाची घडी घालायची, पुन्हा उलगडून पुसायची. "मार्कांचं राहू दे," मी म्हटलं. "त्या पेपरात पहिल्या मिनिटापासून काय काय झालं ते सांग."

बऱ्याच वेळाने ती बोलली. पहिला प्रश्न नीट झाला. दुसऱ्यात अंकगणिती श्रेढीचं एक उदाहरण होतं, त्याचं सूत्र आठवेना. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने पुरवणी मागितली. हिच्या छातीत धडधडायला लागलं, अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती. मग ती नुसती घड्याळ बघत बसली. "आणि मॅडम, बाहेर आल्यावर जिन्यातच सूत्र आठवलं."

ते जिन्यातलं आठवणं माझ्या दृष्टीने फार मोलाचं होतं. म्हणजे सूत्र डोक्यात होतं, गरज होती तेव्हा हाताला लागलं नाही इतकंच. गणित सोडवताना आपण एका वेळी दोन-चार गोष्टी मनात धरून ठेवतो: दिलेली किंमत, सूत्र, पुढची पायरी. ही जागा मुळात लहान असते. 'आता नापास होणार, पप्पांना काय सांगू' हे विचार तिथे घुसले की सूत्राला जागाच उरत नाही. हृदयाची धडधड, ओले तळहात, कोरडा घसा हे सगळं अ‍ॅड्रेनालिनचं काम. धोका दिसला की पळायला तयार करणारं शरीर बाकावर अडकून पडतं. थोडी धाकधूक मात्र हवीच. यर्क्स आणि डॉडसन या दोघा मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगांपासून आम्ही हे शिकत आलो आहोत की ताण एका मर्यादेपर्यंत कामाला मदत करतो आणि ती ओलांडली की काम बिघडवतो. म्हणून भीती शून्यावर आणायची असं मी कुठल्याच मुलाला सांगत नाही.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगायला हवी. पहिल्या दिवशी मी तिला श्वासाचा व्यायाम शिकवला. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. तिने आठवडाभर मनापासून केला. मग क्लासमध्ये एक छोटी परीक्षा झाली आणि पुन्हा तेच झालं. "श्वास घेतला मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली, "पण मग मी श्वासच मोजत बसले." भीतीवर उपाय करायच्या घाईत मी तिचा अभ्यास कसा चालतो हे बघितलंच नव्हतं. तिचा एक अख्खा आठवडा गेला, आणि त्याची हळहळ मला अजूनही वाटते.

पुढच्या वेळी पुस्तकं घेऊन यायला सांगितलं. इतिहासाचं पुस्तक उघडलं तर पान पिवळं, गुलाबी, हिरवं. हायलायटरने इतकं रंगवलेलं की महत्त्वाचं काय ते ओळखू येईना. 'इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा' हा पहिलाच धडा. किती वेळा वाचलास? "आठ-नऊ वेळा." मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, आठवेल तसं लिही, कशालाही मार्क नाहीत.

दहा मिनिटांनी कागदावर व्हॉल्टेअर, रांके आणि फुको ही तीन नावं होती. फुकोपुढे एक रेघ ओढलेली, रेघेपुढे काही नाही. ती रडायला लागली. मी रडू दिलं. मग म्हटलं, हेच परीक्षेच्या हॉलमध्ये होतं ना? आज इथे झालं, जिथे काही बिघडत नाही.

पुन:पुन्हा वाचलेलं पान ओळखीचं होतं. ओळखीचं झालं की येतंय असं वाटतं. पण रोज बसस्टॉपवर दिसणारा माणूस ओळखीचा असला तरी त्याचं नाव आपल्याला सांगता येत नाही. परीक्षेत नाव सांगायचं असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के सांगता आलं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. मी हे सांगत असताना आई एकदम म्हणाली, "म्हणजे मी रात्री वाचून झालं की लगेच विचारते, म्हणून तिला येतं?" अगदी तेच. 'घरी येतं' याचा अर्थ बहुतेक वेळा 'पाच मिनिटांनी येतं' एवढाच असतो.

गणिताचीही तीच गत होती. गाइडमधली सोडवलेली उदाहरणं ती वाचायची. हो, वाचायची. प्रत्येक पायरी पटायची, म्हणून उदाहरण झालं असं धरून पुढे जायची.

तिसऱ्या भेटीला वडील आले. तालुक्याच्या गावात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. तोवर ते घरी एकच वाक्य बोलायचे, "तुझ्यासाठी एवढं करतोय आणि तू..." माझं सगळं ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलीकडे बघून म्हणाले, "मी शिकाऊ होतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायची म्हटलं की हात थरथरायचा. उस्तादांनी तीन महिने कापडाला हात लावू दिला नाही. वर्तमानपत्रावर खडूने आखायचं आणि कापायचं. बाही, कॉलर, बाही, कॉलर. वाकडं गेलं तर दुसरा पेपर. मग एक दिवस कापड दिलं तेव्हा हात थरथरलाच, पण कात्री बरोबर गेली."

मला जे तासभर समजावता आलं नसतं ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. त्या दिवसापासून सराव-परीक्षेला त्या घरात 'पेपर कटिंग' हेच नाव पडलं.

मग आम्ही दिवसच बदलला. सकाळी आदल्या दिवशीच्या धड्यावर कोरा कागद: जेवढं आठवेल तेवढं निळ्या पेनने, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनने. लाल जास्त दिसलं तर तो धडा दोन दिवसांनी परत, कमी दिसलं तर आठवड्याने. गणितात गाइडमधली रीत कागदाने झाकून आधी स्वतः सोडवायचं, अडलं तर एकच पायरी उघडायची. वर्गसमीकरणं, श्रेढी, संभाव्यता यांची उदाहरणं मिसळून घ्यायची, कारण बोर्डाच्या पेपरात कुठल्या धड्यातलं आहे ते कुणी सांगत नाही. रात्री साडेदहाला दिवा बंद. यावर आईशी वाद झाला. तिला ते वेळ वाया घालवणं वाटत होतं. पण दिवसभराचं वाचलेलं झोपेत पक्कं होतं, आणि हिच्या झोपेचे दोन तास रोज बुडत होते.

रविवारी पेपर कटिंग. दुकान बंद असतं, म्हणून दुकानातच. कटिंगच्या टेबलावर पॅड, भिंतीवरचं घड्याळ, अकरा ते एक वाजून दहा मिनिटं. (२०२३ पासून वाढीव दहा मिनिटं पेपरच्या शेवटी मिळतात, म्हणून सरावही तेवढ्याच वेळाचा.) पहिल्या रविवारी तिने पाऊण तासात पेन टाकलं. वडिलांनी फोन केला, "मॅडम, झालं नाही." मी म्हटलं, हे झालंच आहे. कुठे अडली तेवढं विचारा.

अडल्यावर काय करायचं हे तिला माहीतच नव्हतं, म्हणून आम्ही अडण्याचाच सराव केला. पेन खाली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. एक लांब श्वास बाहेर, एकच, मोजायचा नाही. त्या प्रश्नाचा क्रमांक लिहून जागा सोडायची आणि येणाऱ्या प्रश्नावर जायचं. शिवाय पेपर सुरू झाल्याबरोबर सूत्रं शेवटच्या पानावर कच्च्या कामात उतरवून ठेवायची. माझ्या खोलीत मी तिला मुद्दाम न येणारी उदाहरणं द्यायची आणि ती फक्त एवढंच करून दाखवायची. पाचव्या-सहाव्या वेळी ती हसली. भीती तिथे सैल झाली असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट. सरावाच्या आधी दहा मिनिटं ती मनातली सगळी काळजी वहीत लिहायची. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की परीक्षेआधी असं लिहिल्याने घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारतात. वही कुणी वाचायची नाही असं ठरलं होतं. आईने ते पाळलं, आणि ते सोपं नव्हतं.

वाचणाऱ्या आई-बाबांना एक विनंती. मूल जेवत नसेल, रात्र-रात्र झोपत नसेल, 'मी नसलेलीच बरी' असं काही बोलत असेल, तर अभ्यासाची रीत बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. शासनाची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

बोर्डात बीजगणिताला तिला चाळीसपैकी सत्तावीस पडले. नात्यातल्या एकीने "एवढेच?" म्हटलं म्हणे. पण तो आकडा कळायला अजून अवकाश होता त्या दिवसाची गोष्ट मला जास्त आवडते. पेपर सुटला तेव्हा वडील दुकान बंद करून केंद्राबाहेर स्कूटरवर थांबले होते. सोपा गेला की अवघड, किती सोडवलास, हे ते विचारणार नाहीत असं ठरलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कापड फाटलं का गं?"

"नाही पप्पा," ती मागे बसत म्हणाली. "एका बाहीला वाकडं गेलं. सोडलं आणि परत येऊन नीट केलं."