डॉक्टर होते, आता कम्युनिटी कॉलेजात जाऊ?

"तिकडे मी डॉक्टर होते. आता इथं कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसू?"

कॅलिफोर्नियात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं स्थानिक सरकारी कॉलेज, मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचं. विचारणारी कधी बीएएमएस असते, कधी बीएचएमएस, कधी दंतवैद्य, कधी फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर वर्षं काढलेली. मुलं मोठी झालेली असतात, ग्रीन कार्ड हातात आलेलं असतं आणि आता पुन्हा काहीतरी सुरू करायचं असतं. मग कुणीतरी हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंटचं, म्हणजे रुग्णांच्या नोंदी सांभाळण्याच्या अभ्यासक्रमाचं नाव काढतं. विषय आरोग्याचा, शिकलेलं वाया जाणार नाही, बॅचलर्स पदवी मिळेल आणि फी परवडेल. अर्ज भरायची वेळ आली की मात्र हात थांबतो.

सांगलीच्या एका ताईंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पहिल्या भेटीला वही घेऊन आल्या. रकाने आखलेले होते: एक खाजगी विद्यापीठ, एक ऑनलाइन कोर्स आणि शेवटी कम्युनिटी कॉलेज. पहिल्या दोन रकान्यांत फी, कालावधी, नोकरीची शक्यता असं सगळं लिहिलं होतं. तिसऱ्यात फक्त एक प्रश्नचिन्ह होतं.

"ही खरी पदवी असते का हो?" त्यांनी विचारलं.

ज्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, त्याला आधी सरळ उत्तर द्यावं असं मी मानते. मन हलकं करण्याच्या नावाखाली माहिती लांबवत नाही. म्हणून सांगितलं, की हो, खरी बॅचलर्स आहे. २०१४ साली कॅलिफोर्नियात सिनेट बिल ८५० मंजूर झालं आणि जास्तीत जास्त १५ कम्युनिटी कॉलेज जिल्ह्यांना प्रत्येकी एक बॅचलर्स अभ्यासक्रम प्रायोगिक तत्त्वावर सुरू करायची मुभा मिळाली. त्या पहिल्या यादीत सॅन डिएगो मेसा कॉलेज आणि शास्ता कॉलेज यांचा हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम होता. अट अशी, की राज्याची विद्यापीठं जो अभ्यासक्रम देतात त्याचीच नक्कल इथं करायची नाही. २०२१ मध्ये असेंब्ली बिल ९२७ आलं, प्रायोगिकपण संपलं आणि नवे अभ्यासक्रम सुरू करायची वाट कायमची मोकळी झाली. राज्याच्या रहिवाशाला पहिल्या दोन वर्षांसाठी युनिटमागे, म्हणजे अभ्यासाच्या एका क्रेडिटमागे, ४६ डॉलर पडतात, पुढच्या दोन वर्षांसाठी १३०. साठ-साठ युनिट धरली तर चार वर्षांची मिळून १०,५६० डॉलर फी होते. पुस्तकं आणि किरकोळ खर्च वेगळा.

ताईंनी आकडा लिहून घेतला आणि पेन खाली ठेवलं. "इतकी कमी फी म्हणजे दर्जाही तसाच असणार ना?"

मी विचारलं, "ताई, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजची फी जास्त असते की खाजगी कॉलेजची?"

"खाजगीची. कितीतरी पट."

"आणि मान कुठल्याला?"

त्या हसल्या. "मिरजेला. तिथं नंबर लागला की पेढे वाटतात." मग हसू हळूहळू मावळलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "माझा लागला नव्हता. थोड्याच मार्कांनी हुकला. मग होमिओपॅथीला घातलं."

समुपदेशकाच्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. आले की त्यांना घाई करायची नसते. मी विचारलं, त्या दिवशी घरी काय झालं? ताईंना सगळं आठवत होतं. वडील वर्तमानपत्र वाचत बसून राहिले. काकू म्हणाली, "असू दे, डॉक्टर म्हणवून घेता येईल ना." पुढं कॉलेजात पहिल्या पाचात आल्या, दवाखान्यात रुग्ण त्यांचं नाव घेऊन येऊ लागले. तरीही लग्नाच्या बोलणीत कुणी विचारलं, "म्हणजे एमबीबीएस नाही का?" की पोटात तोच खड्डा पडायचा.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता परत तेच. जाऊबाईंचा मुलगा बर्कलीला आहे. माझा मुलगा यूसीचे, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अर्ज भरतोय. आणि आई कम्युनिटी कॉलेजात."

"ताई, तुम्ही इथल्या कॉलेजची चौकशी करताय की अजून बारावीचा निकाल वाचताय?"

त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

मला जे म्हणायचं आहे ते इथंच आहे. कॉलेजच्या दर्जाबद्दल पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या बहुतेक जणींना कॉलेजची माहिती आधीच असते. वेबसाइट त्यांनी माझ्यापेक्षा बारकाईनं वाचलेली असते. त्यांना छळत असतो तो एक जुना निकाल, कुणीतरी त्यांना लावलेला क्रमांक. आपल्याकडं सतराव्या-अठराव्या वर्षी लागलेला नंबर माणूस चाळिशीतही जपून ठेवतो. तो बोलून दाखवला जात नाही तोवर कितीही तक्ते मांडा, तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्हच राहतं. डोनाल्ड सुपर या अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या मध्याला मांडलं होतं, की माणूस व्यवसाय निवडतो तेव्हा स्वतःविषयीची आपली कल्पना तो प्रत्यक्षात उतरवत असतो. माझा सगळा विश्वास या विचारावर आहे. पण ही कल्पना जर काकूच्या एका वाक्यावर उभी असेल, तर आधी ती तिथून हलवायला हवी.

ती हलवायची कशी? "तुम्ही हुशार आहात" असं सांगून ती हलत नाही. माणसानं प्रत्यक्ष केलेल्या कामाकडंच परत जावं लागतं.

म्हणून पुढच्या भेटीत मी पदवीचा विषय काढलाच नाही. फक्त म्हटलं, दवाखान्यातला एखादा असा दिवस सांगा, जेव्हा तुम्हाला वाटलं की हे काम माझंच.

मला वाटलं होतं एखाद्या बऱ्या झालेल्या रुग्णाची गोष्ट येईल. ताईंनी २००५ च्या पुराची सांगितली. तेव्हा त्या गावभागात एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली होत्या. कृष्णेचं पाणी चढू लागलं तशी सगळ्यांची सामानाची पळापळ सुरू झाली. ताईंनी कपाटातले केसपेपर काढून पोत्यांत भरले. सगळे वाचले नाहीत. भिजलेले विश्रामबागला माहेरी नेले, खोलीभर दोऱ्या बांधल्या आणि एकेक कागद सुटा करून वाळत घातला. ज्यांची शाई फुटली होती ते समोर धरून दुसऱ्या कागदावर उतरवून काढले.

"आणि औषधं?"

"औषधं राहिली तिथंच. औषधं परत मागवता येतात हो. सरांकडं वीस-वीस वर्षं येणारे लोक होते. होमिओपॅथीत केस घ्यायची म्हणजे माणसाची झोप, भीती, तहान, लहानपणीची दुखणी, सगळं लिहायचं. एका आजींना कशानं पुरळ उठायचं ते फक्त त्या कागदावर होतं. सरांना कुठं सगळं आठवणार? ते कागद गेले असते तर ती माणसं पहिल्यापासून सुरू झाली असती."

हे बोलताना त्या खुर्चीत पुढं सरकल्या होत्या, आवाज चढला होता. जाऊबाई, बर्कली, मिरज, काहीच त्या खोलीत उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही ज्या अभ्यासक्रमाला कमी समजताय ना, त्यात हेच शिकवतात."

मग त्यांना त्या कामाची ओळख करून दिली. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९२८ साली उभी राहिली ती रुग्णालयातले कागद नीट ठेवणाऱ्या लोकांनीच उभी केली. तिच्या संस्थापक ग्रेस व्हायटिंग मायर्स मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात नोंदींच्या ग्रंथपाल होत्या. ती संघटना आज अहिमा म्हणून ओळखली जाते. डॉक्टरनं काय लिहिलं, ते पुरेसं आहे का, त्यावरून निदानाचा आणि उपचाराचा नेमका कोड कोणता लागतो, तो चुकला तर विम्याचा दावा कसा अडतो आणि पुढच्या डॉक्टरची दिशाभूल कशी होते, हे सगळं या लोकांच्या हातात असतं. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत आयसीडी-टेन ही कोडपद्धती लागू झाली. आधीच्या पद्धतीत निदानाचे सुमारे १४,००० कोड होते, ते एकदम सत्तर हजारांच्या घरात गेले. हाड मोडलं एवढं लिहून आता भागत नाही. उजवं की डावं, पहिल्यांदा आले की भरून येताना तपासणीला आले, हेही सांगावं लागतं. कागद अपुरा असेल तर डॉक्टरला अदबीनं विचारून खुलासा मागायचा, हे स्वतंत्र काम आहे. त्याच्या तोंडी आपलं उत्तर न घालता विचारायचं, आणि त्याला रोगाची जाण लागते. शिवाय १९९६ चा हिपा कायदा आहे: कुणाची माहिती कुणाला द्यायची, कुणाला नाही. रुग्णानं स्वतःची नोंद मागितली तर साधारणपणे ३० दिवसांच्या आत ती त्याला मिळायला हवी, हेही त्यातच येतं.

ताई म्हणाल्या, "म्हणजे सरांकडं मी हेच करत होते."

मला आतून फार समाधान वाटलं. हे वाक्य मी त्यांना दिलं असतं तर दोन दिवस टिकलं असतं. ते त्यांचं त्यांना सापडलं.

त्यानंतर वहीतला तिसरा रकाना भराभर भरला. मधे एकदा ताईंचे यजमान बरोबर आले. त्यांचं म्हणणं होतं, "हिची पदवी आहेच. मग थेट मास्टर्स का नको?" प्रश्न रास्त होता आणि प्रेमानं विचारलेला होता. आपली जुनी पदवी इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची ठरली, तर या विषयातल्या मान्यताप्राप्त मास्टर्सनंतरही आरएचआयए ही या व्यवसायाची प्रमाणपत्र परीक्षा देता येते. ज्यांनी इथल्या रुग्णालयात किंवा विमा कंपनीत काही वर्षं काम केलं आहे, त्यांना मी तोच रस्ता सुचवते. ताईंनी इथलं रुग्णालय आतून पाहिलं नव्हतं. त्यांना पायापासून शिकायचं होतं, जवळच्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम करायचं होतं आणि घरची बचत मुलाच्या शिक्षणाला हवी होती. त्या यजमानांना म्हणाल्या, "मला मोठं नाव नको, मला हे काम नीट यायला हवं." यजमान गप्प राहिले, मग म्हणाले, "सकाळी गाडीनं मी सोडेन."

या वाटेवर असणाऱ्यांनी एक गोष्ट इतर सगळ्याच्या आधी तपासावी. कॉलेजला मान्यता आहे एवढं पुरत नाही. नेमक्या त्या अभ्यासक्रमाला सीएएचआयआयएम या, या विषयाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या आयोगाची मान्यता हवी. आरएचआयएच्या परीक्षेला बसायचं ते त्या मान्यतेच्या जोरावर, आणि नोकरी देणारा कॉलेजच्या नावाआधी आरएचआयए ही चार इंग्रजी अक्षरं बघतो. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीनंतर परीक्षा देऊन मिळतं ते आरएचआयटी प्रमाणपत्र. कोडिंगच्या कामाला तेही चांगलं आहे, पण विभाग सांभाळायचा असेल, नोंदींची गुणवत्ता आणि गोपनीयता यांची जबाबदारी घ्यायची असेल तर बॅचलर्स उपयोगी पडते. यंत्रं सोपं कोडिंग करू लागली आहेत म्हणून अनेक जणी घाबरतात. माझं मत असं, की म्हणूनच फक्त कोडिंगवर थांबू नये. यंत्रानं लावलेला कोड बरोबर आहे का हे ठरवायला रोग समजणारं माणूसच लागतं.

भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार करून घ्या, नुसतं पदवीचं नको. शरीररचना, शरीरक्रिया असे विषय त्यातून सुटू शकतात. सुटतील की नाही ते कॉलेज ठरवतं, म्हणून तिथल्या समुपदेशकाला आधी भेटा आणि तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याआधी कोणते विषय करावे लागतील ते लेखी घ्या. आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. हातात आधीची बॅचलर्स असेल, मग ती भारतातली का असेना, तर इथल्या केंद्र सरकारची पेल ग्रँट ही शिक्षणासाठीची मदत मिळत नाही. घरचा हिशोब ती सोडून मांडा. ४६ आणि १३० हे दर रहिवाशांचे आहेत, त्यामुळे तुमच्या व्हिसावर तुम्ही रहिवासी धरल्या जाता का, हे प्रवेश कार्यालयात विचारा, मंडळाच्या पिकनिकला नको.

ताई सध्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि एका रुग्णालयाच्या नोंद विभागात प्रत्यक्ष काम करतात. डॉक्टरांचं अक्षर आता वाचावं लागत नाही, पण त्यांच्या वाक्यात काय सुटलंय ते ताईंना लगेच दिसतं, असं त्यांच्या वरिष्ठ बाईंनी त्यांना सांगितलं. निवाड्याचा अधिकार आता काकूकडं किंवा जाऊबाईंकडं नाही, हे मला त्यांच्या सांगण्यातून जाणवलं.

हे वाचून कुणी लगेच अर्ज भरायला घेऊ नये म्हणून एक सांगते. ताईंच्या मागोमाग त्यांची एक बीएएमएस मैत्रीण माझ्याकडं आली. तिलाही हाच कोर्स करायचा होता. मी तिलाही तोच प्रश्न विचारला. तिच्या आठवणीत एकही कागद नव्हता. त्यात होती वाफाऱ्याची भांडी, तेल लावणारे हात, रात्री उठून बघितलेली बाळंतीण. तिला दिवसभर पडद्यासमोर बसवलं असतं तर ती सहा महिन्यांत कोमेजली असती. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती आता नर्सिंगच्या पूर्वतयारीचे विषय घेते आहे, तेही कम्युनिटी कॉलेजातच.