बिचवा नव्हे, जावाचा केरिस

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते. १९४६ साली जावाहून परतताना त्यांनी नागमोडी पात्याचे एक शस्त्र आणले. पाते सुमारे १५ इंच लांब असून मुठीपाशी एकाच बाजूला जास्त रुंद आहे व त्यावर अस्पष्ट पांढरट रेघा दिसतात. मूठ लाकडी व वाकलेली, म्यानाचे तोंड होडीसारखे आणि खाली पितळी आवरण आहे. वळणे मी ८ मोजली. गावात त्याला बिचवा म्हणतात. हे नेमके काय आहे? खंडेनवमीपूर्वी ते चिंच व राखेने घासावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम, चिंच लावू नये, कारण ज्या खुणांवरून हे शस्त्र ओळखता येते, त्याच घासण्याने जातील.

आपल्या वर्णनावरून हा जावाचा केरिस, म्हणजे तेथील पारंपरिक खंजीर, दिसतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये जावातील सुरबाया येथे उतरलेल्या ४९व्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन पलटणी होत्या, तेव्हा साताऱ्यातील घरात तो निघावा यात नवल नाही. नागमोडीपणावर मात्र विसंबू नये, कारण बिचव्याचे पातेही वळणदार असते आणि पुष्कळ केरिस तर सरळ पात्याचे असतात. खरी खूण मुठीपाशी आहे. तेथे पात्यावर आडवी बसवलेली लोखंडाची वेगळी पट्टी, म्हणजे ‘गांजा’, आणि तिचा बारीक सांधा भिंगातून दिसतो का ते पाहावे. वळणेही पुन्हा मोजावीत. परंपरेने ती विषम संख्येतच असतात, आणि गांजाजवळचे पहिले हलके वळण बहुधा नजरेतून सुटते.

पांढरट रेघांना ‘पामोर’ म्हणतात. साधे लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड यांचे थर एकत्र घडवून पात्याला लिंबाचा रस व सोमलयुक्त (विषारी आर्सेनिक असलेले) खनिज लावले, की लोखंड काळे पडते आणि निकेलचा थर उजळ राहतो. पर्यटकांसाठी केलेल्या नकलेत ही नक्षी वरवर कोरलेली असते व गांजाच्या जागी नुसती रेघ ओढलेली असते. बालीचे केरिस सहसा मोठे, जड व गुळगुळीत पात्याचे असतात. जावाचे हलके व खरखरीत. होडीच्या आकाराचे म्यान मध्य जावातील सुरकर्ता व योग्यकर्ता या दोन्ही दरबारांच्या परंपरेतले आहे.

वयाबाबत १९४६ पूर्वीचे, एवढेच आपल्या माहितीवरून ठरते. म्यानावरून पात्याचे वय ठरवू नये, कारण मूठ व म्यान पिढ्यान्‌पिढ्या बदलली जात. धारेची झीज व गांजाचा सांधा यांची जवळून घेतलेली छायाचित्रे पाठवल्यास अधिक सांगता येईल.

जावातही सुरो महिन्यात, म्हणजे मोहरममध्ये, केरिस विधिपूर्वक धुतात, पण ते जाणत्यांचे काम आहे. आपण पाते मऊ, कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, मूठ ओढू वा पिरगळू नये आणि सोमलाचा अंश असू शकतो म्हणून नंतर हात स्वच्छ धुवावेत. खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचे ते म्यानावर वाहावे.