तिएपोलोचं ‘मिसरला (इजिप्तला) पलायन’ हे रेखाचित्र अर्धवट सोडलंय का?

नाही, पूर्ण आहे. तुम्ही विचारलंय की रेषा थरथरल्यासारख्या, वर तपकिरी शाईचे डाग, निम्मा कागद कोरा, मग हे कच्चं काम नाही का? मी हौसेने जलरंगात काम करतो आणि पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

आधी एक खुलासा. तिएपोलो दोन, दोघेही अठराव्या शतकातले इटालियन चित्रकार. बाप जांबात्तिस्ता, छतांवरच्या भव्य भित्तिचित्रांचा बादशहा. आणि मुलगा दोमेनिको (1727–1804). तुम्ही वर्णन केलेली थरथर मुलाची. म्हातारपणामुळे हात कापत होता असं समजू नका, त्याच्या आधीच्या कामातही ती आहे. साठीच्या आसपास त्याने बायबलच्या नव्या करारावर तीनशेहून अधिक मोठी रेखाचित्रं काढली, आणि तीही कुठल्या रंगचित्राची पूर्वतयारी म्हणून नव्हे. रेखाचित्र हेच काम. त्यातली 138 आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एकत्र आहेत.

पद्धत अशी: आधी काळ्या खडूने पुसट आराखडा, मग टाकाने रेषा, मग ब्रशने शाईचा वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या शाईचा थर. कोरा कागद म्हणजे ऊन. जलरंगवाल्यांना हे लगेच कळेल, कारण पांढरा रंग वापरायचाच नसेल तर उजेड आधीच राखून ठेवावा लागतो. एकदा वॉश पडला की संपलं. त्यामुळे दिसायला घाई असली तरी ‘इथे हात लावायचा नाही’ हे आधीच ठरवावं लागतं, आणि माझ्या मते खरं कसब तिथेच आहे. (माझ्या हातून दर दुसऱ्या कागदावर उजेड बुडतो.)

आता प्रसंग. कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना हेरोद, म्हणजे बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा, समजावून सांगावा लागत नाही. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हे सगळं जेमतेम तीन वचनांत उरकतं: योसेफाला स्वप्नात देवदूत दिसतो, योसेफ रातोरात बाळाला आणि त्याच्या आईला, मरीयेला, घेऊन मिसरला निघतो. गाढवाचा उल्लेखसुद्धा नाही! ते परंपरेने जोडलं. एवढ्याशा मजकुरावर दोमेनिकोने तरुणपणीच, 1753 मध्ये, बापाबरोबर जर्मनीत वुर्झबुर्गला असताना, 24 वेगवेगळे प्रसंग एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून) छापले होते. कुठे होडी आहे, कुठे वाटेतली मूर्ती कोसळतेय. ती मालिका जरूर शोधून बघा. तिथे वॉश नाही, नुसत्या रेषा आहेत. तरी कोऱ्या कागदाचं ऊन तेच.