अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉल कोच व्हायचंय? मग रेल्वेची नोकरी सोडायच्या आधी हे वाच

तू लिहिलंयस की वय 26, रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, नॅशनल्स खेळून झालेत, आणि आता राजीनामा देऊन तीनचार वर्षं बाहेरच्या लीगमध्ये खेळायचं आणि मग अमेरिकेत हायस्कूलचा कोच व्हायचं, ब्रँडन रॉय झाला तसा. मी डॅलसजवळच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवतो आणि बास्केटबॉलला असिस्टंट कोच आहे, त्यामुळे रोज जे बघतो त्यावरून सांगतो, राजीनामा इतक्यात देऊ नकोस. इथे कोच व्हायचं असेल तर आधी शिक्षक व्हावं लागतं, कुठे कुठे खेळलास हे त्यानंतर विचारतात.

रॉयचं म्हणशील तर तो सिएटलचाच पोरगा, एनबीएचा ऑलस्टार, गुडघ्यांनी घात केला म्हणून लवकर संपला. तो नेथन हेल हायस्कूलला कोच म्हणून आला आणि आदल्या वर्षी फक्त 3 मॅच जिंकलेली टीम 2016-17 ला 29-0 गेली, म्हणजे एकही मॅच हरली नाही, हे खरंच आहे, पण त्याच वर्षी मायकल पोर्टर ज्युनियरसारखा, पुढे एनबीएत गेलेला प्लेअर त्या शाळेत आला होता हेही लक्षात घे. असं नाव आपल्याकडे नाही. आपला सतनाम सिंग 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे प्लेअर निवडतात त्यात, 52 वा गेला, भारतातून पहिलाच, तरी एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही.

खरं उदाहरण हवं तर आमच्या हेड कोचचं घे. कॉलेज संपल्यावर काही महिने जी लीग (एनबीएच्या खालची लीग), मग पोलंड, इस्रायल, फिलिपिन्स, जिथे इंपोर्टची, म्हणजे परदेशी प्लेअरची, जागा रिकामी होईल तिथे. करार सीझनपुरता, कधी दोन महिन्यांचा, क्लब फ्लॅट देतो पण पगार वेळेवर येईलच असं नाही आणि पाय मुरगळला की पुढच्या आठवड्यात तुझ्या जागी दुसरा हजर. आणि भारतीयाला तर हे अजून अवघड, कारण परदेशी प्लेअरच्या जागा मोजक्या आणि क्लबला त्या जागी अमेरिकन हवा असतो. जी लीगचा पगारसुद्धा अख्ख्या सीझनचा 40-45 हजार डॉलरच्या घरात, त्यात इथे वर्ष काढणं कठीण.

खेळणं थांबल्यावर तोसुद्धा थेट हेड कोच झाला नाही बरं का. आधी बदली शिक्षक, मग टीचिंग सर्टिफिकेट, मग नववीच्या पोरांची टीम, मग जेव्ही (शाळेची दुसरी टीम), आणि बऱ्याच वर्षांनी व्हार्सिटी, म्हणजे शाळेची मुख्य टीम. आजही सकाळी साडेसहाला जिम तोच उघडतो, दिवसभर इतिहासाचे तास घेतो, मंगळवारी-शुक्रवारी मॅच, बाहेरगावी असेल तर पिवळी बस स्वतः चालवत पोरांना परत आणतो आणि जर्सी मशीनला लावूनच घरी जातो. इतकं करून कोचिंगचे वेगळे मिळतात ते वर्षाला काही हजार डॉलर, घर चालतं शिक्षकाच्या पगारावर. या माणसाबद्दल मला फार आदर आहे, पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात, आणि ते तो पोलंडमध्ये खेळला म्हणून नाही.

आता नियम बघ. टेक्सासमध्ये सरकारी शाळांचे खेळ यूआयएल ही संघटना चालवते आणि हेड कोच त्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) फुल-टाईम कर्मचारीच लागतो. कॅलिफोर्नियात बाहेरचा माणूसही कोच होतो, पण व्हिसा कोण देणार? नुसत्या कोचिंगसाठी शाळा एच-1बी (नोकरीचा व्हिसा) करत नाही, आणि सप्टेंबर 2025 च्या आदेशानंतर देशाबाहेरून येणाऱ्याच्या नव्या अर्जाला 1 लाख डॉलर फी लावलीये, ती कुठली शाळा भरेल? उरतो शिक्षकांचा जे-1 व्हिसा, त्याला डिग्री आणि किमान 2 वर्षं शिकवल्याचा अनुभव लागतो, 3 वर्षांचा मिळतो, वाढवून जास्तीत जास्त 5. त्यात काम शिकवण्याचंच, कोचिंग करायचं असेल तर आधी स्पॉन्सरला, म्हणजे ज्या संस्थेमार्फत हा व्हिसा मिळतो तिला, विचारायचं. बायकोच्या एच-1बीवर एच-4 ने (जोडीदाराच्या व्हिसावर) येणार असशील तर ईएडी, म्हणजे काम करायचं परवानगीपत्र, हातात पडेपर्यंत पगारी काम नाही, आणि ज्या कामाला एरवी पगार असतो ते फुकट केलं तरी लफडं होऊ शकतं, वकिलाला विचारल्याशिवाय शिट्टी गळ्यात घालू नकोस.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एनआयएसचा, कोचिंग डिप्लोमा करणार म्हणतोस, जरूर कर, खेळ समजायला उत्तमच आहे, पण इथली शाळा सर्टिफिकेट मागणार शिकवण्याचं. त्यामुळे मी तुझ्या जागी असतो तर नोकरी ठेवून बी.एड. केलं असतं, जमेल तिथे शाळेत शिकवलं असतं आणि संध्याकाळी ज्युनियर पोरांची टीम हातात घेतली असती. जोडीला एनएफएचएसचा (इथल्या हायस्कूल खेळांची राष्ट्रीय संघटना) फंडामेंटल्स ऑफ कोचिंग कोर्स ऑनलाईन होतो, तो करून टाक, इथली बरीच राज्यं तो मागतात. इथले खेळाचे नियमही अंगवळणी पाडून घे, हायस्कूलला क्वार्टर 8 मिनिटांचा असतो, आपल्यासारखा 10 चा नाही, आणि 35 सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात बास्केटवर शॉट घ्यावाच लागतो) लावायचा की नाही हे 2022-23 पासून ज्या त्या राज्यावर सोडलंय.

ग्रॅज्युएशनला विषय कोणते होते ते मात्र तू लिहिलंच नाहीस. गणित किंवा सायन्स असेल तर सांग, कारण इथे जाहिरातीच अशा निघतात, गणित शिक्षक आणि सोबत असिस्टंट कोच, आणि त्या जागांना माणसं मिळत नाहीत.